गिझर, सोलर, बंब: गरम पाण्याच्या खर्चाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी सरली की गिझरचे खटके पडायला लागतात आणि पुढच्या बिलाबरोबर हे प्रश्न येतात. खालचे आकडे पुणे-नाशिककडच्या डिसेंबरातले आहेत: टाकीतलं पाणी २० अंशांचं, अंघोळीचं ४० अंशांचं, बादली २० लिटरची. मुंबईत आणि कोकणात पाणी मुळातच इतकं गार नसतं, तिथे आकडे कमी धरा. विजेचा दर हिशेबाच्या सोयीसाठी युनिटला १० रुपये घेतला आहे; तुमचा खरा दर तुमच्या बिलावर आहे.

एक बादली पाणी तापवायला किती वीज लागते?

जवळपास अर्धं युनिट. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते आणि एका युनिटमध्ये ८६० किलोकॅलरी असतात. २० लिटर पाणी २० अंशांनी तापवायचं म्हणजे ४०० किलोकॅलरी, म्हणजे ०.४७ युनिट. पैशांत साडेचार-पावणेपाच रुपये. चार माणसांच्या घरात रोज चार बादल्या धरल्या तर महिन्याला ५६ युनिटं झाली.

हा आकडा लक्षात ठेवा, कारण विजेवर थेट पाणी तापवणारं कुठलंही यंत्र याच्या खाली जाऊ शकत नाही. पाचशेचा रॉड असो की पंधरा हजारांचा गिझर, पाण्यात जाणारी उष्णता तेवढीच. फरक पडतो तो बादलीत न पोचलेल्या उष्णतेमुळे. तुमच्या घरात चार बादल्यांना ५६ युनिटांऐवजी ९० युनिटं जात असतील तर वरची ३४ टाकीच्या भिंतीतून, पाइपातून किंवा मोरीत ओतलेल्या पाण्यातून गेलेली असतात. नवीन यंत्र घेण्याआधी ती शोधावीत असं माझं मत आहे. त्यात खर्च नगण्य असतो.

गिझर दिवसभर चालू ठेवलेला स्वस्त पडतो, सारखा बंद-चालू केला की जास्त वीज खातो, असं ऐकलंय. खरं आहे का?

नाही. गैरसमज जुना आहे आणि आश्चर्य वाटावं इतका चिवट आहे. टाकीतलं पाणी भोवतालच्या हवेपेक्षा जितकं जास्त तापलेलं, तितकी उष्णता बाहेर जाते. गिझर चालू ठेवला तर पाणी २४ तास कढत राहतं आणि २४ तास उष्णता जात राहते. बंद केला की पाणी हळूहळू निवतं आणि जसजसं निवतं तसतशी गळतीही मंदावते. पुन्हा चालू केल्यावर गिझर फक्त गेलेली उष्णता भरून काढतो. खटका दाबताना वीज जास्त ओढली जाते वगैरे काही नसतं.

किती जाते तेही पाहा. गिझरवरच्या स्टार लेबलवर चोवीस तासांतली उष्णतेची गळती युनिटांत लिहिलेली असते. तो आकडा अर्धा युनिट असेल, तर गिझर कायम चालू ठेवण्याचा खर्च महिन्याला १५ युनिटं, म्हणजे दीडशे रुपये. त्यात एकही बादली निघत नाही.

मग नेमका कधी लावायचा आणि कधी बंद करायचा?

१५ लिटरचा, २ किलोवॅटचा गिझर २० अंशांवरून ६० अंशांवर जायला २१-२२ मिनिटं घेतो. म्हणजे पहिल्या अंघोळीच्या वीस-पंचवीस मिनिटं आधी लावला की पुरे. तासभर आधी लावण्याची सवय घरोघरी आहे, तिला अर्थ नाही.

बंद करण्याची वेळ लोक चुकवतात. गिझरमध्ये गार पाणी खालून आत येतं आणि गरम पाणी वरच्या थरातून बाहेर जातं. त्यामुळे खटका बंद केल्यावरही टाकीत जेवढं कढत पाणी आहे ते जवळपास सगळं वापरता येतं. घरातला शेवटचा माणूस अंघोळीला बसायच्या आधी गिझर बंद करा. त्याची बादली टाकीत आधीच तयार असते. तो अंघोळ करत असताना गिझर चालू राहिला तर नवीन आलेलं गार पाणी तापत राहतं, आणि सगळे कामावर गेल्यावर ते पाणी संध्याकाळपर्यंत न्हाणीघराच्या भिंती तापवत बसतं.

आठवण राहत नसेल तर टायमर बसवा, पण १६ अँपिअरचाच. मोबाइल चार्जरसाठी मिळणारा ६ अँपिअरचा स्मार्ट प्लग गिझरला लावू नका. २ किलोवॅटचा गिझर पावणेनऊ अँपिअर ओढतो आणि तो प्लग वितळतो.

थर्मोस्टॅट किती अंशांवर ठेवावा?

बहुतेक घरांना ५० ते ५५ पुरतं. ६० किंवा त्याहून वर नेऊन मग अर्ध्या बादलीला विसण घालायचं ही आपली पद्धत. त्यात टाकी आणि पाइप उगाच जास्त तापतात, क्षार जास्त साचतात आणि लहान मूल नळाशी गेलं तर काही सेकंदांत पोळतं.

एक अपवाद. टाकी लहान असेल आणि माणसं जास्त, तर तापमान वाढवण्याला अर्थ आहे: १५ लिटर ६० अंशांच्या पाण्यात विसण घातलं की ४० अंशांचं ३० लिटर पाणी होतं, म्हणजे दीड बादली.

उलट टोकाला जाऊन थर्मोस्टॅट ४० वर आणू नका. २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचा जिवाणू वाढू शकतो. तो तुषारांतून श्वासावाटे फुप्फुसात जातो. रोज रिकामा होणाऱ्या लहान गिझरमध्ये ही भीती फार नाही, पण आठ-पंधरा दिवस गावाला जाऊन आलात तर पहिल्या वेळी पाणी ६० पर्यंत तापू द्या आणि मग शॉवर सोडा.

गिझर किती लिटरचा घ्यावा? इन्स्टंट चालेल का?

बादलीने अंघोळ करणाऱ्या तिघाचौघांना १५ लिटर पुरतो, फक्त दोन अंघोळींमध्ये दहा-पंधरा मिनिटं द्यावी लागतात. सगळ्यांना एकापाठोपाठ शॉवर हवा असेल तर २५ लिटर. त्याहून मोठा घेण्याचं कारण सहसा नसतं.

३ लिटरच्या इन्स्टंटमध्ये गळती जवळपास नसते, कारण साठाच नसतो. पण ३ किलोवॅटचा इन्स्टंट डिसेंबरात मिनिटाला दोन लिटरांच्या आसपास अंघोळीजोगं पाणी देतो. बादली भरायला नऊ-दहा मिनिटं. ज्यांना हे चालतं त्यांच्यासाठी, विशेषतः एकट्या-दुकट्या माणसासाठी, हा फार चांगला पर्याय आहे. त्यावर शॉवर घ्यायला गेलात तर मात्र कुडकुडाल. स्वयंपाकघरात भांड्यांसाठी हाच घ्या. तिथे १५ लिटरचा टांगणं निव्वळ उधळपट्टी.

जास्त स्टारचा गिझर घेतला की बिल कमी येईल का?

तुम्ही तो किती वेळ चालू ठेवता यावर आहे. साठवणीच्या गिझरचे स्टार मुख्यतः टाकीच्या वेष्टनाचे, म्हणजे गळतीचे आहेत. पाणी तापवण्याचे नाहीत. दिवसातून अर्धा तास गिझर लावून बंद करणाऱ्याला तीन आणि पाच स्टारमधला फरक महिन्याकाठी फारसा जाणवणार नाही. घरात म्हातारी माणसं आहेत, दिवसभर थोडं थोडं गरम पाणी लागतं, गिझर बंद करणं जमत नाही, अशा घरात पाच स्टारचे पैसे वसूल होतात.

युनिटं थोडीच वाचली, पण बिल बरंच कमी झालं. असं कसं?

स्लॅबमुळे. महावितरणच्या घरगुती दरात ० ते १००, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्याला दर चढतो. तुम्ही वाचवलेलं युनिट नेहमी सर्वांत वरच्या, सर्वांत महाग टप्प्यातलं असतं. त्यावरचं वहन शुल्क आणि वर टक्क्यांत लागणारा वीज शुल्काचा भारही त्याच्याबरोबर कमी होतो. म्हणून हिशेब करताना बिलाच्या रकमेला एकूण युनिटांनी भागू नका. तुमच्या शेवटच्या स्लॅबचा दर धरा.

नवीन टीओडी, म्हणजे दिवसाच्या वेळेप्रमाणे वेगळा दर लावणारा, मीटर बसला असेल तर आणखी एक गोष्ट. त्यात सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेला सवलत आहे. घरात दिवसा कुणी असेल तर कपडे-भांड्यांचं गरम पाणी त्या वेळेत तापवा. छतावर सोलर पॅनेल आणि नेट मीटर असणाऱ्यांनाही गिझरसाठी दुपारच बरी.

बोअरच्या पाण्यामुळे गिझरवर क्षार चढतात. त्यामुळे वीज जास्त जाते का?

इथे दुकानदार थोडं वाढवून सांगतात. विजेच्या गिझरमध्ये कॉइल पाण्यातच बुडालेली असते, त्यामुळे तिच्यावर पांढरा थर चढला तरी उष्णता शेवटी पाण्यातच जाते. वेळ थोडा जास्त लागतो एवढंच. खरं नुकसान कॉइलचं आणि टाकीचं. थराखाली कॉइल प्रमाणाबाहेर तापते आणि एक दिवस जळते. मराठवाडा, सोलापूर, नगरकडे कडक पाण्यावर चालणारा गिझर उघडला तर तळाशी ओंजळभर खडे निघतात. तुमचा गिझर पाणी तापताना तडतडत असेल तर ती त्या थराखाली उकळणाऱ्या पाण्याची खूण आहे.

दोन उपाय आहेत. थर्मोस्टॅट ५५ च्या खाली ठेवा, कारण पाणी जितकं कढत तितके क्षार भराभर बाहेर पडतात. आणि दर वर्षी-दोन वर्षांनी मॅग्नेशियमचा अॅनोड रॉड तपासून घ्या. टाकीऐवजी स्वतः झिजणं हेच त्याचं काम. बोटभर जाड रॉडची नुसती तार उरली असेल तर तो बदला. काही शे रुपयांचा रॉड न बदलल्याने टाकी सडते आणि मग गिझरच नवा घ्यावा लागतो.

सोलर वॉटर हीटरमध्ये आणि गॅस गिझरमध्ये गोष्ट वेगळी. तिथे बाहेरून आलेली उष्णता नळीच्या भिंतीतून आत शिरायची असते, आणि क्षारांचा थर तिला अडवतो. तिथे क्षार म्हणजे थेट तोटाच.

गिझर नवा आहे, तासभर चालू ठेवला, तरी नळाला कोमटच पाणी येतं. थर्मोस्टॅट बिघडला असेल का?

असेलही, पण आधी मिक्सर तपासा. गार आणि गरम लाइन जिथे एकत्र येतात तिथे, मिक्सरच्या आतला वॉशर किंवा डायव्हर्टर झिजला असेल तर गार पाणी गुपचूप गरम लाइनमध्ये शिरतं. हात-शॉवरला टोकाशी बंद करायचं बटण असेल आणि मिक्सरचे दोन्ही कॉक उघडे राहत असतील तरी हेच होतं. प्लंबर येतो, गिझर बदलायला सांगतो, नवा गिझर येतो आणि पाणी कोमटच राहतं.

तपासणी दोन मिनिटांची आहे. गिझरचा खटका बंद करा. गिझरखालचा गार पाणी आत नेणारा अँगल कॉक बंद करा. आता न्हाणीघरातला गरम पाण्याचा नळ उघडा. दोन-चार थेंब पडून पाणी थांबलं पाहिजे. धार चालूच राहिली तर ते पाणी गिझरमधून येत नाही. कुठल्यातरी मिक्सरमधून गार पाणी उलटं फिरतंय. घरातल्या प्रत्येक मिक्सरची गार बाजू एकेक करून बंद करत जा, चोर सापडतो. काम संपल्यावर अँगल कॉक उघडायला विसरू नका, मगच खटका लावा.

सोलर वॉटर हीटर किती लिटरचा आणि कुठल्या प्रकारचा घ्यावा?

तीन-चार माणसांना रोज १०० लिटरची क्षमता चालते, पाच-सहा असतील तर २००. केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाच्या अंदाजानुसार १०० लिटरचं यंत्र वर्षाला सुमारे १५०० युनिटं वाचवू शकतं. तुमची बचत अर्थात तुम्ही आज विजेवर किती पाणी तापवता त्यापेक्षा जास्त होणार नाही. दोघांच्या घरात २०० लिटरचं यंत्र बसवून १५०० युनिटं वाचत नाहीत.

प्रकार दोन. काचेच्या नळ्यांचं ईटीसी आणि तांब्याच्या पत्र्याचं एफपीसी. पाणी कडक असेल तर ईटीसी घ्या: नळी रुंद असते, लवकर चोंदत नाही आणि स्वस्तही पडते. एफपीसीतल्या तांब्याच्या बारीक नळ्या क्षारांनी बुजतात. पाणी मऊ आहे, गच्चीवर माकडं येतात किंवा मुलं क्रिकेट खेळतात, अशा ठिकाणी एफपीसी टिकतं.

जागा बघताना हिवाळ्याची सावली बघा. पुण्यात २२ डिसेंबरला भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांच्या आसपासच चढतो. दहा फूट उंच टाकीची सावली तेव्हा उत्तरेला नऊ फूट पडते. नागपुरात जवळजवळ टाकीच्या उंचीइतकी. मे महिन्यात जागा पाहून ठरवणाऱ्यांचं सोलर डिसेंबरात सावलीत जातं. तोंड दक्षिणेला असावं हे सगळेच सांगतात, सावलीचं कुणी सांगत नाही.

दहा वर्षं झाली, सोलरचं पाणी पूर्वीसारखं तापत नाही. काय तपासावं?

आधी धूळ. महिनाभर न पुसलेल्या नळ्यांवर पुण्यासारख्या शहरात बांधकामाची धूळ बसते. सकाळी लवकर, नळ्या गार असताना ओल्या फडक्याने पुसा. तापलेल्या नळीवर गार पाणी मारलं की ती तडकते.

मग प्रत्येक नळीचं खालचं टोक बघा. दोन काचांमध्ये पोकळी असते आणि टोकाशी आतून आरशासारखा चंदेरी डाग असतो. तो डाग दुधासारखा पांढरा झाला असेल तर त्या नळीची पोकळी गेली. अशी नळी दुपारी हाताला गरम लागते, चांगली नळी बाहेरून गारच राहते. फक्त पांढऱ्या झालेल्या नळ्या बदला. सगळा संच बदलायला सांगणाऱ्याला हा डाग दाखवायला लावा.

गच्चीवर पाणी कढत आहे, पण आमच्या नळाला पोचेपर्यंत बादलीभर गार पाणी सोडून द्यावं लागतं.

सोलर असलेल्या जवळपास प्रत्येक इमारतीत ही तक्रार आहे, आणि सोलरवर जितकी चर्चा होते त्याच्या एक दशांशही पाइपवर होत नाही.

पाऊण इंची पाइपाच्या एका मीटरमध्ये ३०० मिलीलिटरच्या आसपास पाणी मावतं. अर्धा इंचीत १८०, एक इंचीत जवळपास ५००. गच्चीपासून तुमच्या नळापर्यंत २० मीटर पाऊण इंची पाइप असेल तर सहा लिटर पाणी आधी बाहेर पडणार, मग गरम येणार. हाच पाइप एक इंची असेल तर दहा लिटर. रात्रभर पाइपात निवलेलं हे पाणी सकाळी मोरीत जातं, आणि तुम्ही नळ बंद केल्यावर पाइपात भरलेलं कढत पाणी पुन्हा निवतं. पाणीही गेलं, उष्णताही गेली. शिवाय ते सोडलेलं पाणी वर चढवायला पंपाची वीज गेलीच होती.

स्वतंत्र घरात दोन गोष्टी करता येतात. गरम पाण्याच्या फांद्यांना अर्ध्या इंचाहून मोठा पाइप वापरू नका. आणि गच्चीपासून घरात येणाऱ्या प्रत्येक फुटावर नायट्रिल फोमची नळी चढवा, तिच्यावर उन्हापासून बचावाला पत्रा किंवा टेप गुंडाळा. उघडा फोम उन्हाने दोन-तीन वर्षांत भुसभुशीत होऊन गळून पडतो. आपल्याकडच्या गच्च्यांवर नजर टाकली तर सोलरच्या पाइपांवर अशा फोमची लोंबती लक्तरंच दिसतात.

इमारतीत यावर उपाय म्हणजे परतीची लाइन. खालच्या मजल्यावरून पाइप पुन्हा वरच्या टाकीत नेतात आणि लहान पंपाने पाणी फिरतं ठेवतात, म्हणजे प्रत्येकाला नळ उघडताच गरम पाणी. पण हा पंप २४ तास चालवला तर सगळ्या इमारतीचा पाइप रात्रभर हवा तापवत राहील. टायमरवर लावा, सकाळी साडेपाच ते नऊ. बिल्डरने परवानगीच्या अटीपुरतं सोलर बसवलं असेल तर परतीची लाइन आहे का हे ताबा घेतानाच विचारा. नंतर भिंती फोडून ती टाकायला सभासद तयार होत नाहीत.

तोवर निदान ते सहा लिटर बादलीत धरून ठेवा, कपडे भिजवायला किंवा कुंड्यांना.

पावसाळ्यात सोलरच्या टाकीतला हीटर लावावा का?

नको. त्या २०० लिटरच्या टाकीतलं सगळं पाणी तो तापवतो. २५ वरून ५५ अंशांवर न्यायचं म्हणजे सात युनिटं, सत्तर रुपये, दोन माणसांच्या अंघोळीसाठी. आणि तुम्ही तो लावून विसरता, हे तर ठरलेलं. पावसाळ्यासाठी न्हाणीघरात लहान गिझर ठेवा आणि लागेल तेवढंच पाणी तापवा. सोलरचं कोमट पाणी थेट गिझरमध्ये घेता आलं तर आणखी उत्तम, मात्र किती गरम पाणी आत घेतलेलं चालतं हे कंपनीला आधी विचारून घ्या.

सोलर वॉटर हीटरला अनुदान मिळतं का?

पंतप्रधान सूर्यघर योजनेतलं, जास्तीत जास्त ७८,००० रुपयांचं अनुदान छतावरच्या वीज बनवणाऱ्या पॅनेलसाठी आहे, पाणी तापवणाऱ्या सोलरसाठी नाही. दोन्हींत गल्लत होते आणि काही विक्रेते ती मुद्दाम होऊ देतात. मालमत्ता करात मात्र पुण्यासह काही महापालिका सवलत देतात. तुमच्या वॉर्ड ऑफिसात विचारा.

गॅस गिझर स्वस्त पडतो म्हणतात. सुरक्षित आहे का?

पैशांचा हिशेब आधी. १४.२ किलोच्या सिलिंडरमधल्या गॅसची ८० टक्के उष्णता पाण्यात गेली तर सुमारे १४५ युनिटांचं काम होतं, म्हणजे तीनशेच्या आसपास बादल्या. सिलिंडर ९०० रुपयांना धरला तर बादली तीन रुपयांना पडली. विजेपेक्षा स्वस्त, शेगडीवर पातेलं ठेवण्यापेक्षाही स्वस्त, कारण पातेल्याच्या कडेने बरीचशी उष्णता निसटते.

आता सुरक्षितता. गॅस गिझर न्हाणीघरात बसवू नका. खिडकी आहे, एक्झॉस्ट आहे, शेजाऱ्यांकडे दहा वर्षं आहे, यांतलं कुठलंच कारण चालणार नाही. बंद खोलीत ऑक्सिजन कमी पडला की ज्योत अर्धवट जळते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, गुदमरल्यासारखंही वाटत नाही. माणूस चक्कर येऊन पडतो आणि दाराला आतून कडी असते. आपल्याकडे दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या येतात. गिझर बाहेर, मोकळ्या बाल्कनीत किंवा ड्रायिंग एरियात लावा आणि आत फक्त पाण्याचा पाइप न्या. ते शक्य नसेल तर गॅस गिझर घेऊ नका. ज्योत निळी असावी. पिवळी दिसली की वापर थांबवून साफ करून घ्या.

हीट पंप म्हणजे काय, आणि तो घरासाठी परवडतो का?

एसीचं उलटं काम. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून तो पाण्यात घालतो, आणि वीज फक्त ती ओढण्यापुरती लागते. एका युनिटात तीन युनिटांच्या आसपास उष्णता मिळते, त्यामुळे बादली दीड-दोन रुपयांत. आपल्या हवेत, विशेषतः मुंबईच्या दमट हवेत, तो चांगला चालतो. पावसाळ्यातही चालतो, तिथे तो सोलरवर मात करतो.

अडचण किमतीची आणि जागेची. आठ-दहा माणसांचं घर, होमस्टे, वसतिगृह, लहान दवाखाना, जिथे रोज ३००-४०० लिटर पाणी लागतं तिथे जरूर विचार करा. चार बादल्यांच्या घरात महिन्याला साडेतीनशे-चारशे रुपये वाचतील, आणि त्या हिशेबाने यंत्राची किंमत निघायला बरीच वर्षं जातील. किनाऱ्यालगत खाऱ्या हवेने त्याची कॉइल लवकर खराब होते, हेही धरा.

रॉड लावून बादली तापवणं सगळ्यात स्वस्त ना?

हीट पंप सोडला तर विजेच्या हिशेबाने हो, अगदी काटेकोर. लागेल तेवढंच पाणी, पाइप नाही, साठा नाही. पण खटका बंद करून पिन उपसल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही, लोखंडी बादली वापरायची नाही, आणि लहान मुलांच्या घरात वापरायचाच नाही. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारा खटका, बसवलेला नसेल तर तो आधी बसवा, रॉड असो वा गिझर.

गावाकडे बंब आहे. तो काढून गिझर घ्यावा का?

तुराट्या, पऱ्हाट्या, नारळाची सोडणं घरचीच असतील तर मी काढणार नाही. बंब तसा हुशार आहे: जाळाची नळी पाण्याच्या मधून जाते, म्हणून उघड्या चुलीवरच्या हंड्यापेक्षा लाकूड कमी लागतं. फक्त नळीतली काजळी आठवड्याला खरवडा, जळण पूर्ण वाळवून घाला आणि वर झाकण ठेवा. धूर होतोय म्हणजे जळण वाया जातंय. बंब परसात किंवा पडवीत, कधीही बंद न्हाणीघरात नाही. कारण वर गॅस गिझरला सांगितलं तेच. लाकूड विकत घ्यावं लागत असेल तर मात्र भाव विचारून हिशेब करा.

शॉवरने जास्त पाणी जातं का?

साधा शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर सोडतो. दोन मिनिटांत बादली. पाच मिनिटं उभे राहिलात तर अडीच बादल्या तापवल्या. कमी प्रवाहाची जाळी बसवली तर सहा लिटरांवर येतं.

नवीन घर बांधतोय. आधीच काय करून घ्यावं?

न्हाणीघरं एकमेकांना लागून किंवा एकावर एक घ्या, आणि स्वयंपाकघराची मोरी त्यांच्या पाठीला. नकाशावर ही एक ओळ बदलली की पाइप निम्मा होतो. गिझर प्रत्येक न्हाणीघरात वेगळा, नळापासून तीन-चार फुटांत. एकच मोठा गिझर मध्ये ठेवून सगळीकडे लाइन फिरवू नका.

सोलर आज घ्यायचं नसलं तरी गच्चीपासून खाली गरम पाण्याची सीपीव्हीसी लाइन टाकून ठेवा आणि तिच्या खाचा थोड्या रुंद करायला सांगा, म्हणजे भिंतीतही फोम चढवता येईल. मिस्त्री कुरकुर करेल, जाड लाइनमुळे प्लास्टर पातळ होतं म्हणेल. ऐकू नका. गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंच येईल असा चौथरा आत्ताच करा. गिझरसाठी वेगळा एमसीबी, १६ अँपिअरचा सॉकेट आणि खरं अर्थिंग घ्या; बाहेरच्या खोलीत एक खटका काढा, ज्याच्यावर लाल दिवा असेल. आणि प्लास्टर चढायच्या आधी प्रत्येक भिंतीचे, शेजारी मोजायची टेप धरून, फोटो काढून ठेवा, म्हणजे आतला पाइप कुठे आहे ते नंतर कळेल.